हे त्यानं दिलेलं, तेही लिहायचं का?

आमच्या समुपदेशन केंद्रात बाई पहिल्यांदा येते तेव्हा तिच्या अर्जाला एक यादी जोडायची असते. सासरी राहिलेल्या वस्तूंची यादी. गंठण किती तोळ्यांचं, जोडवी, पैंजण, कपाट, दिवाण, मिक्सर, पिंप, हंडे, साड्या किती. ह्या यादीला तासभर सहज लागतो. माहेरच्या वस्तू बाया धडाधड सांगतात. कुठल्या मामानं काय दिलं, मावशीचा कुकर किती लिटरचा होता, सगळं तोंडपाठ असतं. आणि मग मध्येच बाई थांबते. आवाज खाली येतो. "ताई, एक शिलाई मशीन आहे. पण ते त्यांनीच घेऊन दिलेलं. तेही लिहायचं का?"

औरंगाबादेत (2023 पासून कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर) दहा-बारा वर्षं हे काम करताना हा प्रश्न मी इतक्या बायांच्या तोंडून ऐकला आहे की आता तो येणार हे आधीच कळतं. आणि दर वेळी मला वाटतं, ही एका वाक्यात दोन प्रश्न विचारते आहे. ते मशीन कायद्यानं माझं आहे का, हा पहिला. दुसरा तिला नीट मांडता येत नाही. ते मशीन त्यानं आणलं तो दिवस चांगला होता, हे तुमच्यासमोर म्हटलं तर चालेल का? की मग तुम्ही म्हणाल, एवढं चांगलं होतं तर इथे कशाला आलीस? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपण देतो. दुसरा ऐकूच आला नाही असं वागतो. मला ह्या दुसऱ्याबद्दल लिहायचं आहे. पण पहिलं आधी उरकून घेते, कारण आपल्यातल्या काही जुन्या कार्यकर्त्यासुद्धा "माहेरचं तेवढंच लिहा" असं सांगताना मी पाहिलं आहे.

नवऱ्यानं लग्नात, वाढदिवसाला, दिवाळीला, बाळंतपणानंतर, भांडण मिटवायला, कशाहीसाठी बायकोला दिलेली वस्तू बायकोची असते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे दान दिलं, घेणाऱ्यानं ते घेतलं, की देणाऱ्याला केवळ मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 14 व्या कलमानं बाईकडे बक्षीस म्हणून आलेल्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्त्रीधन सासरच्या घरात आहे म्हणून नवरा त्यात भागीदार होत नाही. ते दाबून ठेवणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. 2015 मध्ये कृष्णा भट्टाचार्जी खटल्यात त्याच न्यायालयानं आणखी एक पळवाट बुजवली: न्यायालयीन फारकत झाल्यानंही स्त्रीधनावरचा हक्क संपत नाही.

मुस्लिम बाईचंही तेच. 1986 च्या कायद्यावर आपण सर्वांनी टीका केली आणि ती योग्यच होती. पण त्याच्या तिसऱ्या कलमात एक गोष्ट स्वच्छ लिहिली आहे, तिचा वापर आपण पुरेसा करत नाही. लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर तिच्या नातेवाइकांनी, मैत्रिणींनी, नवऱ्यानं, नवऱ्याच्या नातेवाइकांनी वा त्याच्या मित्रांनी तिला दिलेलं सगळं तलाकनंतर तिला मिळालं पाहिजे. हनफी परंपरेत तर नवऱ्यानं बायकोला केलेला हिबा पुरा झाल्यावर मागे घेताच येत नाही. आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सर्व धर्मांच्या बायांसाठी आहे. लग्नासारख्या नात्यानं एकत्र राहणाऱ्या बायाही त्यात येतात. त्याखाली मॅजिस्ट्रेट स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात.

"ही सगळी इंग्रजांची खुळं" असं म्हणणारे एक तरी काका प्रत्येक बैठकीत असतात. त्यांच्यासाठी सांगते. याज्ञवल्क्य स्मृतीतल्या स्त्रीधनाच्या यादीत आई, बाप आणि भाऊ यांच्या जोडीला नवऱ्यानं दिलेलंही आहे. त्याच यादीत 'आधिवेदनिक' नावाचा एक प्रकार आहे. नवरा दुसरी बायको आणतो तेव्हा पहिलीला जे द्यायचं, ते आधिवेदनिक! ह्या स्मृतीवरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वरानं लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, आपल्या उमरग्या-निलंग्याच्या शेजारी. पहिलीच्या हातावर साडीचोळी ठेवून दुसरी घरात घेणारे पुरुष आमच्या केंद्रात अजूनही येतात. आपण नऊशे वर्षं जुनी रीत पाळतो आहोत हे त्यांच्या गावीही नसतं.

तर मशीन लिहायचं. अवश्य लिहायचं.

आता दुसरा प्रश्न.

आपल्या भाषेत नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईसाठी शब्दांची कमतरता नाही. टाकलेली, सोडलेली, परित्यक्ता, घटस्फोटिता, सोडचिठ्ठी घेतलेली, माहेरी बसलेली. ज्याच्यापासून ती वेगळी झाली त्या पुरुषाला मात्र शब्दच नाही. 'माजी नवरा' म्हणावं तर माजी आमदार, माजी सैनिक आठवतात. पेन्शन चालू आहे की काय असं वाटतं. 'पूर्वाश्रमीचा' म्हणावं तर तो संन्यासी झाल्यासारखा. म्हणून बाया 'ते' म्हणतात, 'बंटीचे पप्पा' म्हणतात, नाहीतर नुसत्या मान वळवतात. ज्या माणसाला नाव नाही त्याची आठवण सांगायची कशी?

विधवेला आठवणीची परवानगी असते. खरं तर सक्तीच असते. भिंतीवर फोटो, फोटोला हार, वर्षश्राद्ध. तो जिवंतपणी कसाही वागला असला तरी गेल्यावर तो 'देवमाणूस' होतो आणि त्याचं घड्याळ कपाटात जपून ठेवलं जातं. आपल्या शहराची ओळख म्हणजे बायकोच्या आठवणीची इमारत. दिलरस बानू 1657 मध्ये गेली आणि 1660 च्या सुमारास बीबी का मकबरा उभा राहिला. तो औरंगजेबानं बांधला की त्याच्या मुलानं, आझमशहानं, यावर गाईड लोक वाद घालतात. पण पुरुषांनी आठवण म्हणून एवढा खर्च करावा का, असं मात्र कोणी विचारत नाही. त्याच मकबऱ्यामागच्या वस्तीत राहणारी, नवऱ्यापासून वेगळी झालेली एक बाई त्यानं दिलेली बांगडी पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली लपवते. आईला दिसली तर आई म्हणते, "अजून जीव अडकलाय का तुझा?" आणि (हे मला अधिक बोचतं) आमच्या केंद्रातल्या ताईला दिसली तर ताईच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न उमटतो.

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीत एक वाक्य फार अभिमानानं म्हटलं जातं: "ती नेसत्या साडीनिशी बाहेर पडली." मी ते भाषणांत ऐकलं आहे, शिबिरांत ऐकलं आहे, आणि दर वेळी टाळ्या पडल्या आहेत. मला त्या टाळ्या खटकतात. जी जीव वाचवायला रात्री पळाली तिला दुसरा मार्गच नव्हता. तिच्याबद्दल मी बोलत नाही. पण निघताना वस्तू घेणं म्हणजे स्वाभिमान कमी, 'त्याचं काही नको' म्हणणं म्हणजे स्वाभिमान जास्त, हे माप कुणी ठरवलं? त्याची किंमत कोण देतं? कपाट, मशीन, फ्रिज त्याच्या घरी राहतो. दुसरी येते ती भरल्या घरात येते. आणि आपली स्वाभिमानी बाई भाड्याच्या खोलीत चटईवर झोपून एकेक स्टीलचा डबा जमवायला लागते. 1988 मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. त्या काळापासून चळवळीनं टाकलेल्या बायांसाठी हक्काचं घर, वेगळं रेशनकार्ड, पोटगी अशाच रोकड्या गोष्टी मागितल्या. त्यागाचं कौतुक हे नंतर, आपल्या शहरी शिबिरांमधून शिरलं असं माझं मत आहे.

ह्याची दुसरी बाजू आहे आणि ती मोठी आहे. प्रत्येक भेटवस्तू ही प्रेमाची नसते.

लेनोर वॉकर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 च्या आपल्या पुस्तकात मारहाणीचं चक्र मांडलं. ताण वाढतो, स्फोट होतो, मग पश्चात्ताप, गोडीगुलाबी, भेटी. एम.एस.डब्ल्यू.ला हे आकृती काढून शिकवतात. प्रत्यक्षात मी ते शिकले एका साड्यांच्या यादीवरून. वाळूजच्या एका कंपनीतल्या कामगाराची बायको. तिनं सांगितलेल्या साड्यांना तारखा घालत गेले. तारखा तिला आठवत होत्या, कारण प्रत्येक साडीआधी काय झालं ते तिला आठवत होतं. मग घाटीतल्या केसपेपरांच्या तारखा शेजारी मांडल्या. चार केसपेपर आणि चार साड्या; प्रत्येक साडी केसपेपरनंतर आठवड्याच्या आत आलेली. पाचवी साडी मात्र कुठल्याच केसपेपरला लागून नव्हती. "ही?" मी विचारलं. ती म्हणाली, "ही मुलगी झाली तेव्हाची. तेव्हा ते लई खूश होते. ही खरी." पाच साड्या तिनं स्वतः दोन ढिगांत वेगळ्या केल्या. मी एक शब्दही न सांगता.

हा 'खरी' शब्द मला महत्त्वाचा वाटतो. बाईला फरक कळतो. आपण विचारलं तर ती सांगते.

आणि मोबाईल! हल्ली दर तिसऱ्या-चौथ्या केसमध्ये नवऱ्यानं किंवा मित्रानं घेऊन दिलेला मोबाईल असतो. फोन त्यानं दिला, सिमकार्ड त्याच्या नावावर, लॉक त्याला माहीत, कुठे गेली हे त्याच्या फोनवर दिसतं. "फोन मी दिलाय, मग बघू दे की." असं देणं आणि जनावराच्या गळ्यात घंटा बांधणं ह्यात फार अंतर नाही. अशा फोनवरून आमच्या हेल्पलाइनला फोन केला तर तेही त्याला कळतं. म्हणून आता आम्ही पहिल्याच भेटीत विचारतो, हा फोन कुणी दिला?

देण्यातली खरी गोम कागदात असते. शेतकरी संघटनेनं 1990 च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम घेतली. गावातल्या शंभर नवऱ्यांनी आपली थोडी जमीन बायकोच्या नावे केली की ते गाव लक्ष्मीमुक्ती गाव. शरद जोशी तिला भेट म्हणत नव्हते. घरच्या लक्ष्मीचं कर्ज फेडणं म्हणत होते. त्यांच्या इतर मतांशी माझं पटतंच असं नाही, पण ही दृष्टी मला पटते. तोंडानं "सगळं तुझंच आहे" म्हणणं फुकट असतं. सातबाऱ्यावर नाव चढलं की ते दिलेलं.

हे मला स्वतःच्याच अनुभवातूनही समजलं आहे, म्हणून थोडं माझ्याबद्दल. मी लग्न करून सहा वर्षं संसार केला आणि परस्परसंमतीनं घटस्फोट घेतला. मारहाण नव्हती, फसवणूक नव्हती, हुंड्याची भानगड नव्हती. त्याला नोकरीसाठी शहर सोडायचं होतं, मला काम सोडायचं नव्हतं, आणि त्याच्या खाली आणखी पुष्कळ काही होतं जे आम्हा दोघांचं आहे. चळवळीतल्या मैत्रिणींना हे पचवणं जड गेलं. "पण त्यानं केलं काय?" हा प्रश्न मला सासरपेक्षा आपल्या वर्तुळात जास्त वेळा विचारला गेला. जणू माणूस वाईट असल्याशिवाय सोडताच येत नाही! वाईट नसलेल्या माणसापासून वेगळं होण्याचा हक्क बाईला आहे की नाही?

त्यानं मला दिलेल्या तीन वस्तू सांगते. पहिली हिमरूची शाल. हिमरू आपल्या शहराचं विणकाम. सुती ताणा, रेशमी बाणा. किनखाबाची जर ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी किनखाबासारखं दिसणारं. आज बाजारात हिमरू म्हणून बरंच यंत्रमागाचं येतं, तेव्हा त्यानं शाल उलटी करून मागचे मोकळे धागे पाहिले, विणकराला दहा प्रश्न विचारले, भाव केला आणि मग लाजून पूर्ण पैसे दिले. ती शाल माझ्याकडे आहे. थंडीत वापरते. शिबिराला घालून गेले तर कुणीतरी विचारतंच, "कुठून घेतली गं?" मी सांगते, नवऱ्यानं दिली, तेव्हाच्या. मग एक छोटीशी शांतता पसरते. शाल तशीच उबदार असते.

दुसरी पाण्याची टाकी. हसू नका. सिडकोत आम्ही भाड्यानं राहत होतो तेव्हा नळाला सहा-सात दिवसांनी पाणी यायचं. जायकवाडी उशाला, घशाला कोरड, हे आपल्या शहरात कुणाला समजावून सांगायला नको. माझ्या वाढदिवशी त्यानं पाचशे लिटरची काळी टाकी गच्चीवर चढवली, स्वतः पाइप जोडला, आणि खाली येऊन म्हणाला, "आता धुणं मनासारखं धू." (धुणं मी धुवायचं हे त्याच्या मनात पक्कं होतं, तेही लक्षात घ्या. भेटीत माणूस दिसतो तो असा सगळाच दिसतो.) घर सोडताना टाकी उतरवणं शक्य नव्हतं. ती तिथेच राहिली. नंतरच्या भाडेकरूंनी धुणं धुतलं असेल.

तिसरी स्कूटी, जुनी, सेकंडहँड. वस्त्यांमध्ये फिरायला मला रिक्षाचे पैसे पुरत नव्हते. आमखास मैदानावर सकाळी सकाळी त्यानं मागे धावत धावत मला शिकवली. पाच वर्षं मी ती चालवली, पेट्रोल माझं, दुरुस्ती माझी, सगळ्या शहराच्या तोंडी "ताईंची स्कूटी". घटस्फोटाच्या अर्जाबरोबर वकिलांनी तडजोडीच्या अटी टाइप केल्या. त्यात ते नेहमीचं कलम होतं: उभयतांनी आपापल्या वस्तू ताब्यात घेतल्या असून आता एकमेकांवर कोणताही दावा नाही. तेव्हा आर.सी. बुक पाहिलं. मालक म्हणून त्याचं नाव. घेताना त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आधार कार्ड त्याचं खिशात होतं, एवढंच. पण कागद कागदच असतो. त्यानं एका दिवसात सही करून ती माझ्या नावावर करून दिली. न करणारे किती असतात हे मी रोज पाहते. त्यांच्या बायकांनी मनानं जी वस्तू वर्षानुवर्षं आपली मानली ती कुलूप लावून परत नेली जाते.

हे तिन्ही किस्से मी माझ्या केंद्रात, सहकारी मैत्रिणींपुढे सांगितले. कारण मला त्यांच्याशी भांडायचं होतं. मुद्दा असा की आपल्या यादीत वस्तूचं नाव, अंदाजे किंमत, कुणी दिली, सध्या कुठे आहे, एवढे चार रकाने आहेत. मी म्हटलं, पाचवा हवा. केव्हा आणि कशासाठी दिली. बाई जे म्हणेल ते, तिच्या शब्दांत, एका ओळीत.

युरोपात क्रोएशियाच्या झाग्रेब शहरात ह्या एका ओळीचं चक्क संग्रहालय आहे. एक जोडपं, ती ओलिंका विश्तित्सा, तो द्राझेन ग्रुबिशिच. 2003 मध्ये चार वर्षांचं नातं संपवलं. दोघांच्या घरात एक चावीचा खेळण्यातला ससा होता, त्याचं काय करायचं ह्यावरून कल्पना सुचली. 2006 मध्ये त्यांनी लोकांकडून तुटलेल्या नात्यांतल्या वस्तू मागवून प्रदर्शन भरवलं, 2010 मध्ये कायमचं संग्रहालय उघडलं. वस्तू आणि शेजारी देणाऱ्याचं चार ओळींचं निवेदन, नाव नाही. त्यात लग्नाचे पोशाख आहेत तशी एक कुऱ्हाडही आहे. बर्लिनमधल्या एका बाईनं तिला सोडून गेलेल्या मैत्रिणीचं फर्निचर रोज थोडं थोडं फोडायला ती वापरली होती! मला ही कल्पना आवडते, पण आपल्याकडे ती जशीच्या तशी चालायची नाही. आपल्या बाईला कपाट संग्रहालयात द्यायचं नाहीये, परत हवंय. मात्र वस्तूशेजारी चार ओळी तिच्या असाव्यात आणि त्या वाचून कुणी तिचा न्याय करू नये, हे आपल्याला घेता येईल.

आक्षेप आले. सगळ्यात वजनदार आक्षेप आमच्या वकील मैत्रिणीचा होता. ती म्हणाली, "तू तिच्याकडून लिहून घेणार की मुलगी झाली तेव्हा तो खूश होता, साडी आणली. आणि उलटतपासणीत समोरचा वकील हेच वाचून दाखवणार." हे खरं आहे. साक्षीच्या पिंजऱ्यात बाईला विचारतातच: हे खरं आहे का की जाबदेणार यांनी तुम्हाला वाढदिवसाला मोबाईल घेऊन दिला? हे खरं आहे का की तुम्हाला महाबळेश्वरला नेलं होतं? आणि बाई, तिला आपण 'चांगलं काही सांगू नको' असं पढवून पाठवलेलं असतं, गडबडते. नाही म्हणते. मग समोरून फोटो निघतो, महाबळेश्वरचा, दोघंही हसताहेत. एका खोट्या 'नाही'मुळे तिच्या बाकीच्या दहा खऱ्या 'हो'वरचा विश्वास उडतो. माझं म्हणणं असं की फोटो त्यांच्या खिशातून निघण्याआधी आपल्या अर्जात असावा. होय, नेलं होतं; आणि तिथून आल्यावर पंधरा दिवसांनी हात मोडला, हा केसपेपर. हिंसा चोवीस तास चालली तरच ती हिंसा, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

दुसरा आक्षेप होता, अशानं बाई परत जाईल. जाईल कदाचित. काही जातात, न विचारताही जातात. पण मी पाहिलेल्या बायांपैकी जिला चांगले दिवस मोठ्यानं बोलता आले ती त्या दिवसांना कमी भुलली. ते पोटात दाबून ठेवले की त्यांची गोडी वाढत जाते आणि रात्री एकटीला तेवढेच आठवतात. हा माझा अनुभव आहे. कुणाचा वेगळा असेल तर तिनं जरूर लिहावं.

मुलांच्या वस्तूंवर मात्र आमचं अजून एकमत झालेलं नाही. बापानं दिलेली सायकल, बापानं दिलेली घड्याळं, बापाच्या भेटीच्या दिवशी आलेला रिमोटचा ट्रक. काही आया त्या माळ्यावर टाकतात, काही परत पाठवतात. त्या वस्तू आईच्या नाहीत, बापाच्याही नाहीत, मुलाच्या आहेत, असं मी म्हणते. पण जिला सहा महिने पोटगीचा रुपया मिळालेला नाही तिनं त्या ट्रककडे पाहून गप्प बसावं, हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगू? ह्यावर पुढच्या बैठकीत पुन्हा बोलायचं ठरलं आहे.

तोवर पाचवा रकाना आम्ही सुरू केला आहे. करून पाहायचा असेल त्यांच्यासाठी काही सूचना. यादी पहिल्याच दिवशी करू नका. दुसऱ्या भेटीत करा, बाई जरा टेकल्यावर. तारीख आठवत नसेल तर सण, पेरणी, मुलाचं वय विचारा. बिल, फोटो, लग्नपत्रिकेमागे लिहिलेला आहेर, जे असेल ते जोडा. गाडी, गॅसचं कार्ड, मोबाईलचं सिम ह्यांचा कागद कुणाच्या नावावर आहे ते वेगळं लिहा. त्यानं दिलेलं काही विकून तिनं फी भरली असेल, भाडं दिलं असेल, तर तेही लिहा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. सोनाराकडे मंगळसूत्र मोडलं तर तो काळे मणी वजनातून वजा करतो, तेव्हा पावतीवर निव्वळ वजन लिहून घ्या. आणि यादीच्या दोन प्रती करा. एक तिच्याकडे, एक केंद्रात. आईकडे ठेवायला देऊ नका. आया रागाच्या भरात फाडतात.